ओझं आणि बोजा

पाडवा जवळ आला की आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो. थोरल्याचं शिक्षण झालंय, नोकरीचा काही पत्ता नाही. घरचा भाजीपाला आहे, नाहीतर दुधाचा, मंडपाचा, विटांचा धंदा आहे. रोज दुसऱ्याच्या गाडीला भाडं मोजण्यापेक्षा आपलीच एखादी पिकअप घेतली तर? नवी घ्यायची म्हटलं तर मोठ्या पिकअपची किंमत आठ-दहा लाखांच्या घरात जाते. मग जुनी बघू, असं ठरतं. आईच्या पाटल्या गहाण पडतात, पतसंस्थेत जामीनदार शोधले जातात आणि एका रविवारी घरची चार माणसं गाडी बघायला निघतात.

तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न काय असतो? मराठीत असो की कन्नडमध्ये, तो एकच. "गाडी किती पळाली?" "गाडी एष्टु ओडेति?"

प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर सगळ्यात स्वस्तात बदलता येतं. मीटर मागं फिरवणं हे काही तासांचं काम आहे. रंग मारणं दोन दिवसांचं. सीट कव्हर, नवे आरसे, मागं झोकदार अक्षरांत देवाचं नाव, हे सगळं आठवड्यात होतं. जे सहज बदलता येत नाही अशा दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे त्या गाडीनं आजवर वाहिलेलं ओझं, आणि दुसरी म्हणजे तिच्या कागदावर असलेला बोजा. ओझं तिच्या हाडांत उतरलेलं असतं आणि बोजा सरकारी दप्तरात. म्हणून मंडळी, पहिला प्रश्न बदला. "गाड्याग एन हेरतिद्रि?" गाडीत काय भरत होता, हे आधी विचारा. आणि लगेच दुसरा, गाडी कुणाच्या नावावर आहे?

आधी आपलं ओझं ठरवा

दुसऱ्याच्या गाडीचं ओझं विचारण्याआधी आपलं ओझं किती ते घरी बसून, कागद-पेन घेऊन ठरवावं. बरेच लोक इथंच फसतात. 'पिकअप' म्हणून आपण सगळ्यांनाच एका नावानं हाक मारतो, पण त्यांच्यात फरक मोठा आहे. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', साधारण पाऊण टनाचा गडी. पाऊण टन म्हणजे सिमेंटची पंधरा पोती. २०११ मध्ये बाजारात आलेली अशोक लेलँडची दोस्त त्याच्या वरच्या वर्गातली, सव्वा टनाच्या आसपासची. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचे सव्वा-दीड टनापासून वरचे बरेच प्रकार रस्त्यावर आहेत. मारुतीची सुपर कॅरी २०१६ मध्ये आली. तिची डिझेल आवृत्ती पुढं बंद झाली, आता ती पेट्रोल आणि सीएनजीवर चालते. बाजारातल्या बाजारात पोचवणीला ती सोयीची.

नेमका आकडा आरसीवरच सापडतो. रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे तिथं दिलेले असतात. एकातून दुसरा वजा केला की गाडी कायद्यानं किती उचलू शकते ते कळतं, आणि त्यात चालकाचं वजनही आलं. आता हिशेब बघा. एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट, वजन चार टनांच्या वर. अर्धा ब्रास म्हटलं तरी दोन टनांहून जास्त. दीड टनाच्या गाडीत अर्धा ब्रास टाकणारे आपल्याकडे कमी नाहीत. आपला धंदा तसा असेल तर पिकअपच्या नादाला लागूच नये, मोठी गाडी बघावी. आणि धंदा कोथिंबीर-मेथीचा असेल तर दीड टनाची गाडी उगाच डिझेल पीत बसेल.

आणखी एक गोष्ट इथंच ठरवायची. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणं परमिट लागत नाही. त्याच्यावर गेलं की लागतं. एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या दोन पिकअपपैकी एक या रेषेच्या आत आणि दुसरी बाहेर असू शकते. ज्याला आज गोव्याला, उद्या कोल्हापूरला जायचं आहे त्यानं हा आकडा डोळ्यांत तेल घालून बघावा.

घरच्यांना घेऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेलाही जाता येईल, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो तिथंच सोडून द्यावा. हौदा मालासाठी असतो. त्यात माणसं बसवली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, आणि कायदाही तिच्याच बाजूनं उभा राहतो. माणसं आणि माल दोन्ही न्यायचे असतील तर दोन ओळी सीट असलेली गाडी शोधा आणि आरसीवर आसनसंख्या किती लिहिली आहे ते वाचा.

तिनं काय वाहिलं?

आता समोरच्या गाडीकडं वळू. आपल्या भागात पिकअपचे ढोबळ मानानं चार-पाच धंदे आहेत आणि प्रत्येक धंदा गाडीवर आपली खूण ठेवून जातो.

दुधाची गाडी रोज पहाटे पळते. किलोमीटर भरपूर होतात, पण वजन ठरलेलं असतं आणि एक दिवस खाडा झाला तर दूध नासतं, म्हणून मालक तिची देखभाल वेळच्या वेळी करतो. मीटर जास्त दिसलं तरी अशी गाडी वाईट नसते. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी साचून गंज धरलेला असतो, तेवढा बघावा.

गोव्याला भाजी नेणारी गाडी चोर्ला किंवा अनमोड घाटातून रात्री-अपरात्री चढ-उतार करते. तिचा क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स यांचं आयुष्य सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर सरतं. साधा हिशेब करा. बेळगावहून पणजीला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या वरच होतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साठ हजार. चार वर्षं भाजी वाहिली असं मालक सांगत असेल आणि मीटर नव्वद हजार दाखवत असेल, तर मीटर आणि मालक यांच्यापैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय. भांडू नका. आकडा वहीत लिहून ठेवा, भाव करताना उपयोगी पडतो.

मासळीची गाडी म्हटलं की जपून. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेंब थेंब चासीवर पडत राहतं. वरून गाडी चकचकीत असते आणि खालून चासीला पापुद्रे सुटलेले असतात. किनारपट्टीच्या गाड्यांना खारी हवाही लागलेली असते. त्यामुळं कोकण-गोव्याची गाडी वरून बघून घ्यायचीच नाही, खाली झोपून बघायची.

चिरा, वीट, वाळू, खडी वाहिलेली गाडी म्हणजे कमरेतून मोडलेला हमाल. ती ओळखायच्या खुणा सांगतो. मागच्या कमानीचे पाटे मोजा. कंपनीनं दिले त्यापेक्षा एक-दोन जास्त घातले असतील तर ती हौस म्हणून घातलेली नसतात. मागच्या दोन्ही कमानी सारख्या वाकल्या आहेत का बघा. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर-खाली सारखी आहे का बघा; वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर चासी वाकलेली असू शकते. हौद्याचा पत्रा आतून पोचे पडून वाळूनं घासलेला दिसतो. फाळका लावताना दोघांना जोर लावावा लागतो. यातली एकही खूण खोटी बोलत नाही.

याउलट किराणा, औषधं, फर्निचर, बेकरी असा हलका माल वाहिलेली गाडी मिळाली तर नशीब समजा. चार हजार जास्त गेले तरी चालतील.

आणि एक प्रश्न आपल्या भागात विचारलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांच्या काठची गावं पाण्याखाली गेली. कोल्हापूर-सांगलीपासून चिकोडी तालुक्यापर्यंत किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. तेव्हा गाडी त्याआधीची असेल तर सीट उचलून खाली बघा. सीटच्या पट्ट्या, पेडलच्या मुळाशी असलेले स्क्रू, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड, हेडलाइटची आतली बाजू, या ठिकाणी पुराचा बारीक गाळ आणि गंज वर्षानुवर्षं राहतो. पुराचं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की ती गाडी मालकाला आयुष्यभर छळते.

इंजिन थंड असताना जा

गाडी बघायला दिवसाउजेडी जावं, आणि इंजिन थंड ठेवायला आदल्या दिवशीच सांगावं. पोचल्यावर बॉनेटला किंवा इंजिनाच्या झाकणाला हात लावून बघा. गरम लागलं तर आपण येण्याआधी कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. असं का केलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. थंड इंजिन एका सेल्फमध्ये घेतंय का, यावरून बॅटरी, पंप आणि कॉम्प्रेशन तिन्हींची कल्पना येते.

चावी फिरवली की डॅशबोर्डवर इंजिनाचा आणि ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. पण मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

सायलेन्सरचा धूर बघा. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. काळा धूर सतत येत असेल तर इंजेक्टर किंवा हवेची जाळी. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा चालतो, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी, ही जोडी दिसली तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय धरली असेल तरी तोच संशय. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरेल, ते ठीक. पण झाकण उडून पडत असेल आणि आतून भकाभका वाफ येत असेल, तर त्यालाच मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन उघडायला झालं, असा त्याचा अर्थ. रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीचं कधीही उघडू नका, तोंड भाजेल.

एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. गाडी नुसती बाजारपेठेत दोन-दोन किलोमीटर फिरली असेल तर ती गाळणी तुंबते आणि बदलायचा खर्च चांगलाच मोठा येतो. काही जण ती कापूनच टाकतात. सायलेन्सरच्या पुढच्या भागात नवं वेल्डिंग दिसलं तर मिस्त्रीला विचारा. गाडीला सीएनजी बसवला असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

मग गाडी चालवा, आणि रिकामी चालवू नका. ही एक गोष्ट ऐकली तरी या लेखाचं सार्थक झालं. रिकामी पिकअप सगळ्यांचीच छान पळते. जवळच्या दुकानातून दहा-बारा पोती मागून घ्या, मालकाला परत करतो म्हणून सांगा, आणि एखादा चढ बघून गाडी तिकडं घाला. चढावर गिअर उसळून बाहेर येतो का? काटा गरमच्या बाजूला सरकतो का? क्लच सोडूनही इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढं सरकत नाही, असं होतं का? उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? सरळ सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरलं तर ती कुठं जाते? मागून सतत घूं असा आवाज येत असेल तर बेअरिंग किंवा डिफरन्शिअल. गाडी सुटताना खाली 'टक्' वाजलं तर प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट ढिला.

टायरवर चार आकडे ठसवलेले असतात. ३२१९ असं असेल तर तो टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी जुना टायर घाटात दगा देतो. चारही टायर एका बाजूनं झिजले असतील तर चासी किंवा पुढचा आस सरळ नाही.

रंगाखाली लांबी किती भरली आहे ते बघायला फ्रिजला लावायचं साधं चुंबक खिशात टाकून न्या. पत्र्याला ते चिकटतं, लांबीला चिकटत नाही. केबिनचे खांब आणि दरवाज्यांच्या चौकटी इथं चुंबक घसरलं तर गाडीला मोठा अपघात झालेला आहे.

आणि मिस्त्री बरोबर न्यायचा तो आपला. त्याची मजुरी आपण द्यायची. एजंटानं आणलेला मिस्त्री एजंटाचंच बोलणार. त्यात त्याचा दोष नाही, मीठ ज्याचं खातो त्याचं.

आता बोजा

शेत घेताना आपण उताऱ्यावर बोजा आहे का बघतो. घर घेताना बघतो. गाडी घेताना मात्र 'आरसी दाखवली' एवढ्यावर समाधान मानतो. आपल्या भागातले जुने जाणते म्हणतात, "गाडी हळेदिद्रू अड्डि इल्ल, कागदपत्र सरी इरबेकु." गाडी जुनी असली तरी चालेल, पण कागद नवे करून घ्यायची वेळ येऊ नये.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घातला की पुष्कळ काही कळतं. मालक पहिला की तिसरा, फिटनेस, विमा आणि कर कधीपर्यंत, कर्जाची नोंद आहे का, चलनं थकली आहेत का, गाडी काळ्या यादीत आहे का. घरातल्या कॉलेजच्या मुलीला पाच मिनिटांचं काम आहे. हे सगळं गाडी बघायला निघायच्या आधी बघावं. मग गाडीपाशी गेल्यावर चासीवर ठोकलेला सतरा अक्षरी नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून ताडावा. कागद वर ठेवून पेन्सिल घासली की ठसा स्वच्छ उठतो. तिथं घासल्याची, वेल्डिंगची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर हात जोडून परत फिरावं. इंजिन नंबरचंही तसंच.

कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा नोंदलेला असतो. 'हप्ते सगळे फिटले' असं तोंडी सांगून भागत नाही. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात हवा, तेव्हाच तो बोजा आरसीवरून उतरतो. विकणारा म्हणाला, "पैसे द्या, मग कर्ज फेडून पत्र आणतो," तर पैसे त्याच्या हातात देऊ नका. त्याच्याबरोबर जाऊन कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या.

फिटनेसची गोष्ट तर फारच महत्त्वाची. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. फिटनेस संपलेली मालवाहू गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसल्यासारखीच. जुन्या गाड्यांच्या फिटनेसची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. म्हणून बारा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढच्या फिटनेसला किती खर्च येणार, तो विचारून किमतीत धरावा. नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसली आहे का, तेही तेव्हाच बघावं.

सीमेपलीकडची गाडी

आता खास आपल्या भागातला मुद्दा. सोयरीक इकडं-तिकडं, शेत इकडं, बाजार तिकडं. मामा चंदगडला, बहीण निपाणीत, दीर इचलकरंजीत. त्यामुळं गाडीही सहज सीमा ओलांडते. कोल्हापूरची एमएच-०९ इकडं येते, बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ तिकडं जाते. आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "नंबर राहू दे की. मेव्हण्याच्याच नावावर आहे ना, तो काय परका आहे?"

इथं थांबा. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि मालकी बदलायला विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३०. कर नव्या राज्यात भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या भरलेल्या कराचा परतावा नियमात बसत असेल तर वेगळा अर्ज करून मागावा लागतो. विकणाऱ्यानं खबर देण्याची मुदत त्याच राज्यात चौदा दिवस आणि परराज्यात पंचेचाळीस दिवस आहे. घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. हा सगळा खर्च आणि दोन-तीन फेऱ्या धरून मगच परराज्यातली गाडी स्वस्त आहे की महाग ते ठरवा. पुष्कळदा पंचवीस हजार स्वस्त वाटलेली गाडी शेवटी इकडच्या गाडीएवढीच पडते.

पण खर्चापेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेली होती. नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी पहिल्यावर आली. गाडी हातातून जाऊन किती दिवस झाले, ती कोण चालवत होतं, पैसे कुणाला मिळाले, याला काही अर्थ उरला नाही.

आता हेच आपल्या घरात धरून बघा. गाडी तुमच्या मुलाकडं, नाव मेव्हण्याचं. घाटात एखाद्या दुचाकीवाल्याला धक्का लागला. नोटीस मेव्हण्याच्या दारात जाणार. विमा संपलेला असेल तर भरपाई त्याच्या शेतावर, घरावर येणार. मग तुमच्या बहिणीच्या संसारात काय होईल, ते सांगायला नको. नाव बदलायला जो खर्च येतो तो नात्यापेक्षा मोठा नाही. गाडी नात्यातून घेतली असेल तर कागद दुप्पट काळजीनं करा, कारण तिथं भांडण झालं तर कोर्टात संपत नाही.

विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यायचा. मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, पण आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि विमा जुन्या मालकाच्या नावावर असला तर दावा अडकतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच राहतो, तो आपल्याला मिळणार असं समजू नका. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला सांगून आपल्या नावावर नवा घ्या.

चालवणाऱ्याचा परवानाही बघून घ्या. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे पिकअपसाठी वेगळा शिक्का लागत नाही. पण परवान्याची मुदत संपलेली नसावी, एवढं तरी बघाल ना?

पैसे देताना

सगळं पसंत पडलं तरी हातातले सगळे पैसे गाडीतच घालू नका. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी मागतेच. ऑइल आणि सगळ्या जाळ्या बदला, ब्रेक उघडून बघा, बॅटरी, एखादा टायर. ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी आणि ती गाडीच्या किमतीतच धरावी. पाटल्या सोडवायच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

व्यवहार शक्यतो बँकेतून करा. ताबा घेताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेपर्यंतची चलनं आणि जबाबदारी विकणाऱ्याची, पुढची आपली. दोघांच्याही भल्याचं आहे ते. कागद कन्नडमध्ये असेल आणि घरातल्या थोरल्यांना वाचता येत नसेल तर शाळेत कन्नड शिकलेल्या नातवाला वाचायला बसवा. कागद मराठीत असेल आणि समोरचा कन्नड बोलणारा असेल तर त्यालाही वाचून दाखवा. जो कागद दोघांनाही कळला त्याच्यावरून पुढं भांडण होत नाही. आणि सही करायच्या आधी ज्या बाईच्या सोन्यावर हा व्यवहार उभा आहे तिच्यासमोर तो एकदा मोठ्यानं वाचावा. प्रश्न बहुतेक तीच नेमके विचारते.

घाई करायला लावणारा विकणारा टाळावा. "आजच घ्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय," असं तो म्हणाला तर म्हणावं, येऊ दे. जुन्या पिकअप बाजारात पुष्कळ आहेत. एक गेली तर दुसरी येते.

गाडी दारात आली की पूजा होईल, नारळ फुटेल, चाकांखाली लिंबं ठेवली जातील. जरूर करा. पण लिंबू चाकाखाली ठेवण्याआधी नाव बदलण्याच्या अर्जाची पोच घरातल्या देवापुढं ठेवलेली असू द्या.